कमावता हात

पेणच्या एका गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा एक कारागीर होता. साचा, घासकाम, रंग ही कामं बाकीचे करत. भुवई, पापणी, बुबुळ मात्र त्याचंच. एका वर्षी ऐन हंगामात त्याचा उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायला लागली. मुंग्यांनी जाग यायची. पुढे ब्रश बोटांतून निसटू लागला, तेव्हा मालकच त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे घेऊन गेला. निदान झालं कार्पल टनेलचं. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांकडे नऊ स्नायुरज्जू आणि एक नस जाते; जागा कमी पडली की चेपते ती नस. अनंत चतुर्दशी झाली, कारखाना रिकामा झाला आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन उरकलं. नसेवरचा ताठ पट्टा कापून जागा मोकळी केली.

"बोटं आजपासूनच हलवत राहा, हात उंच ठेवा, वजन मात्र उचलू नका," डॉक्टरांनी बजावलं. गड्याने नेमकं उलटं केलं. दुखेल म्हणून बोटं हलवायचा नाही, आणि बायकोची पाठ वळली की त्याच हाताने पाण्याची बादली उचलायचा. या हट्टावर अजून ऑपरेशन निघालेलं नाही.

आंघोळीच्या वेळी हातावर प्लास्टिकची पिशवी बांधणं, शर्टाची बटणं, लेंग्याची नाडी, ताटातली भाकरी कुस्करून देणं, सगळं बायको करत होती. तो करून घेत होता. टाके निघाले आणि रोह्याहून निरोप आला, सासूबाई आजारी आहेत. "तू जा, माझं मी बघतो," तो रुबाबात म्हणाला.

पहिल्याच सकाळी चहापत्तीच्या बरणीने त्याला जमिनीवर बसवलं. बरणी गुडघ्यात धरली, डाव्या हाताने झाकण फिरवलं, झाकण निघालं आणि चहापत्ती लादीवर सांडली. विळीवर कांदा ठेवला तर तो घरंगळून मोरीत. शेजारच्या काकूंनी प्रेमाने कोळंबी आणून दिली. सोलायला बसला, तासाभरात मूठभर झाली, उरलेली मांजराची. भाकरीच्या वाटेला तो गेलाच नाही, पावावर भागवलं. कपडे पिळायची युक्ती तेवढी सापडली: ओला टॉवेल नळाला वेढा घालून डाव्या हाताने पीळ द्यायचा. तरी हटकून उजवा हात पुढे जायचा आणि तळव्याच्या बुडाशी कळ उठायची. पिळताना, झाकण उघडताना, कळ त्याच जागी.

दसऱ्याला तो दिवा-रोहा गाडीने सासरी गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात, गाव रस्त्यावर असतं. दिवसभर पाहुण्यांचा राबता. त्याच्या बायकोने आईचं पथ्यपाणी सांभाळून पुरणाची कणीक मळली, भांड्यांचा ढीग घासला. रात्री सगळी माजघरात आडवी झाली.

मध्यरात्री बांगड्या वाजल्या. थांबल्या, पुन्हा वाजल्या. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. पेणच्या घरी वर्षानुवर्षं तो कानावर घेऊन कूस बदलायचा. या वेळी त्याने डोळे उघडले. बायको उठून बसली होती आणि थर्मामीटर झटकावा तसा हात झटकत होती. श्रावणात तोही असाच अंथरुणात बसून हात झटकत होता.

"अगं, काय होतंय?"

"काही नाही. हात झोपतो. झटकला की येतो."

"कुठली बोटं?"

"हा अंगठा, ही आणि ही."

"कधीपासून?"

"धाकटा पोटात होता तेव्हापासून."

धाकटा यंदा दहावीला होता.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, खोबरेल चोळ."

त्याला आठवेना. आठवायचं कारणही नव्हतं. त्याच्या हातातून ब्रश निसटला तेव्हा मालकाची ऑर्डर अडली होती. तिच्या हातातून लाटणं निसटलं असेल, पण कोणाची भाकर चुकली नव्हती. आपल्याकडे हाताची तपासणी होते ती हात कमावता असेल तरच, आणि कमावता कुठला हे ठरवणारा आपला हिशेब फार जुना आहे.

पेणला परतल्यावर दोघं आधी डॉक्टरकडे गेली. नसेची तपासणी झाली. तिला लगेच ऑपरेशन लागलं नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळाला, आणि पिळण्या-मळण्याचं काम कमी करायला सांगितलं. कपडे आता तो पिळतो, नळाला वेढा घालून.

हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतं. कधी गरोदरपणात सुरू होतं, कधी मधुमेहात बळावतं. घरात रात्री कोणी हात झटकत असेल तर कुठली बोटं बधिर होतात ते विचारा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, करंगळी मात्र सुटली असेल, तर डॉक्टरांना हे असंच सांगा. आणि खोबरेलावर वर्षं घालवू नका. नस फार काळ चेपलेली राहिली, तर ऑपरेशननंतरही बोटांची जाण पूर्ण परत येईलच असं नाही.