एका थेंबापुढचे दायित्व

मेहरूणमधील माणसास रक्त तपासायचे झाल्यास जळगाव शहरातील प्रयोगशाळा हाताशी आहेत. याच जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्यातील पाड्यांवर मात्र तपासणी म्हणजे बुडालेली मजुरी आणि वरून बसभाडे. खानदेशातील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णास असह्य वेदना होतात.

सोल्युबिलिटी चाचणीने दोष आहे एवढेच कळते. रुग्ण कोण आणि केवळ वाहक कोण, हे ठरविण्यास नमुना मोठ्या प्रयोगशाळेत धाडावा लागे. आता बोटातील एका थेंबावर, लहानशा पट्टीने किंवा बॅटरीवरील छोट्या यंत्राने पाड्यावरच काही मिनिटांत हा भेद कळू शकतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

येथेच नैतिक प्रश्न उभा राहतो. पूर्ण बरे करणारा उपचार गरिबाच्या आवाक्यात नसेल, तर त्याला आजाराचे नाव सांगावे काय? आमच्या मते सांगावे. अज्ञानाने वेदना टळत नाही. उलट दुखण्याने विव्हळणारे लेकरू कामचुकार ठरते. निदान झाले तर हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध देता येते, जंतुसंसर्गापासून जपता येते.

परंतु सांगणाऱ्याचे काम निकालापाशी संपत नाही. औषध दरमहा पोहोचले पाहिजे. समजावणारा माणूस त्यांच्या बोलीत बोलणारा हवा. आणि निकाल चारचौघांत पुकारला जाता कामा नये. वाहक हा आजारी नव्हे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. जोडीदाराच्या रक्तात असा कोणताही दोष नसेल, तर अपत्यास हा आजार होत नाही. एवढे न समजावता केवळ 'वाहक' असा शिक्का मारला, तर मुलीची सोयरीक मोडते, आणि मुलाचे रक्त तपासण्याचे मात्र कोणाच्या मनातही येत नाही.

यंत्र स्वस्त झाले ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ज्याचे रक्त आपण घेतो, त्याची अब्रू राखणे आणि पुढेही त्याची विचारपूस करणे, हे आपले देणे त्यामुळे कमी होत नाही. वाहक मुलीचे स्थळ आपल्याच घरी आले, तर आपण काय उत्तर देऊ, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.