विद्येचें कुलूप

इंद्रायणीकांठच्या इंदुरी गांवांत गणिताचा एक शिक्षक आहे, अशी कल्पना वाचकांनीं क्षणभर करावी. शाळा सुटल्यावर मूळसंख्यांविषयींचा एखादा नवा लेख वाचावा असें त्याच्या मनांत येतें. हातांतील यंत्रावर लेखाचें नांव तत्काळ सांपडतें. परंतु लेख उघडूं जातां दोन-तीन हजार रुपयांची मागणी पुढें येते. हा व्यवहार न्याय्य आहे काय?

कोणी म्हणेल, वाण्याचा गूळ फुकट मिळत नाहीं, मग विद्वानाचा लेख कां मिळावा? हा दृष्टान्त फसवा आहे. गूळ खाल्ला कीं संपतो. सिद्धान्त दहांनीं वाचला तरी अकराव्यासाठीं तेवढाच उरतो. शिवाय अशीं बहुतेक नियतकालिकें लेखकाला मोबदला देत नाहींत, लेख तपासणाऱ्यालाही देत नाहींत. आणि संशोधनाचा खर्च पुष्कळदां सरकारी तिजोरींतून, म्हणजे त्या शिक्षकाच्याही करांतून झालेला असतो. एकाच वस्तूची किंमत त्यानें दोनदां कां द्यावी?

खेड्यांतील शिक्षकाला असल्या लेखांचा उपयोग काय, असेंही विचारलें जाईल. त्याचें उत्तर देवळालीनें दिलें आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905–1986) हे तेथील साधे शाळाशिक्षक. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र तिचे सारे अंक सारखे नसावेत; ते अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करीत गेल्यास अखेर 6174 हीच संख्या येते. हा त्यांचा शोध आज जगभर त्यांच्या नांवानें ओळखला जातो. बुद्धि ही विद्यापीठाचा पत्ता विचारून येत नाहीं.

सारींच दारें बंद आहेत असें नाहीं. 1991 सालीं निघालेल्या 'अर्काइव्ह' या भांडारांत पदार्थविज्ञानाचे व गणिताचे लेख कोणासही विनामूल्य मिळतात. मात्र ते परीक्षकांनीं तपासलेले असतातच असें नाहीं, हें वाचकानें विसरूं नये. रामन यांनीं 1934 सालीं स्थापिलेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीचीं नियतकालिकें मोफत वाचतां येतात. 2025 पासून केंद्र सरकारनें सरकारी उच्चशिक्षणसंस्थांसाठीं हजारों नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरली आहे. पण गांवचा शाळाशिक्षक त्या वर्तुळाबाहेरच राहिला.

प्रकाशनाला खर्च येतो हें खरें. परंतु कांहीं प्रकाशक तो वाचकाऐवजीं लेखकाकडून भरघोस वसूल करतात. तेव्हां कुलूप एका दारावरून निघून दुसऱ्या दारावर बसतें.

म्हणून माझ्या मतें पहिलें कर्तव्य विद्वानाचें आहे. इंदुरीहून जवळच सुदुंबरे येथें संताजी जगनाडे यांची समाधि आहे. तुकोबांचे अभंग त्यांनीं लिहून ठेवले, अशी परंपरा आहे. लिहिणाऱ्यांच्या अशा श्रमांमुळेंच ती वाणी घरोघर पोंचली. आजच्या विद्वानास तेवढेही श्रम नाहींत. आपल्या लेखाची स्वतःची प्रत सर्वांसाठीं खुली ठेवण्याची मुभा अनेक प्रकाशक त्याला देतात. सार्वजनिक पैशावर संशोधन करून ज्यानें ही मुभा वापरली नाहीं, त्यानें प्रकाशकाला दोष देण्यापूर्वीं आपला खिसा चांचपावा. किल्ली तेथेंच सांपडेल.