जीवमात्रांत आपणही

एकादशीला औषधाची गोळी घेतली तर उपास मोडतो का? नोकरीभर मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. सोलापूर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून मी निवृत्त झाले. गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी मी स्वतः करते. त्यामुळे विचारणाऱ्याला माझ्याकडून दोन उत्तरं हवी असतात, एक सिस्टरचं आणि एक माळकरणीचं. माझ्याकडे दोन उत्तरं नाहीत. जे सिस्टर सांगते तेच माळकरीण सांगते.

प्रश्न दिसायला गोळीचा असला तरी त्याच्या पोटात जुना आणि अवघड प्रश्न आहे. देहाला कष्टवलं की देव जवळ येतो का? आणि स्वतःच्या देहाची काळजी घेणं हा नुसता प्रपंच, की परमार्थही?

आषाढीला पंढरपुरात ६५ एकराच्या मैदानावर दिंड्या उतरतात. तिथल्या प्रथमोपचाराच्या तंबूत बसलेले असताना एका आजींना दोन बायांनी धरून आणलं. चंद्रभागेची अंघोळ झालेली, लुगडं अजून ओलं, आणि त्यावर घामाचे थेंब. हात थरथरत होते, बोलणं तुटत होतं. सकाळी शुगरची गोळी घेतली होती, पण पोटात अन्नाचा कण नव्हता. बोटाला सुई टोचून मशीनवर पाहिलं तर साखर ५२. सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो, आणि तशीच उतरत राहिली तर माणूस बेशुद्ध पडतो, फिट येते. मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पेला पुढे केला. आजींनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"न्हाई बाई, एकादशी मोडंल. पोराच्या नावानं बोललीया म्या."

मी समजावलं, ऐकेनात. शेवटी त्यांच्या दिंडीतले एक वयस्कर माळकरी पुढे आले, आधी आजींच्या पाया पडले आणि म्हणाले, "माऊली, प्या. इठ्ठलानंच पाठवलंय म्हणा." तेव्हा कुठे त्या प्यायल्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, साखर नव्वदीत आली होती. घाम थांबला, पण रडू थांबेना. "पोराला काई हुनार न्हाई न्हवं?" एवढंच त्या मला विचारत राहिल्या.

त्या दिवशी साखर चढवणं सोपं होतं, मनातलं भय उतरवणं अवघड. मी एक घोट प्यायले तर माझ्या लेकराला बाधा होईल, असं मानणाऱ्या कितीतरी बाया मी पाहिल्या. हरतालिकेला पाण्याचा थेंब न घेणाऱ्या, श्रावणी सोमवारी ताप अंगावर काढणाऱ्या, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत बीपीची गोळी पुढे ढकलणाऱ्या. सगळ्यांची श्रद्धा खरी. पण तिच्यात भीती मिसळलेली असते, आणि आपण घरातल्या सगळ्यांच्या मागून मोजायच्या, ही लहानपणापासूनची शिकवणही.

ही शिकवण आपल्या ग्रंथांनी दिलेली नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला ध्यान शिकवतात, आणि सोळाव्या-सतराव्या श्लोकांत जेवणाझोपेचा विषय काढतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानेश्वर महाराज या जागी थांबतात. जिभेचे लाड करणाऱ्याला ते समज देतातच, पण हट्टाने भूकतहान कोंडून धरणाऱ्यालाही तितक्याच स्पष्टपणे सांगतात की ज्याचा स्वतःच्या शरीराशीच मेळ नाही त्याला योग कुठला! १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देताना विनोबांनीही याच अध्यायात चित्ताच्या एकाग्रतेसाठी जीवनातली परिमितता आवश्यक सांगितली. खाणं, झोपणं, बोलणं, सगळं मोजकं आणि बेताचं.

इतर वाटांनी गेलेलेही इथेच येऊन पोचले. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षं देह वाळवला, हाडं मोजता येतील इतका. मग सुजातेच्या हातची खीर स्वीकारली. ती खाल्ली म्हणून बरोबरचे पाच तपस्वी त्याला सोडून गेले, पण बोध झाला तो त्यानंतर. वॉर्डात रमजानच्या दिवसांत कुणी आजारी मुस्लिम बहीण रोज्यासाठी सलाइन नको म्हणाली, की मी तिच्या घरच्यांना कुराणाची आठवण करून देत असे. दुसऱ्या सूऱ्यातच आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोज्याची सूट आहे, राहिलेले दिवस नंतर भरून काढायची मुभा आहे.

फराळाचंही एकदा नीट बोलायला हवं. साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शिवाय बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. ज्ञानदेव-नामदेवांच्या वारीत यातलं काहीच नव्हतं. तेव्हा खिचडी खाल्ली म्हणजेच एकादशी, असं काही नाही. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त नुसता स्टार्च असतो, प्रथिनं जवळजवळ नाहीत. मधुमेह्याने ती ताटभर खाल्ली की साखर एकदम चढते, आणि काहीच न खाता गोळी किंवा इन्सुलिन घेतलं की कोसळते. म्हणून उपासाच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यावी, मनाने बंद करू नये. राजगिऱ्याची भाकरी, ताक, मूठभर दाणे असं थोडं थोडं खावं. खिशात साखरेची पुडी ठेवावी. अंग थरथरलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारलं, तर ती तोंडात टाकावी आणि पांडुरंगाचं नाव घ्यावं.

यावर एक शंका मला भजनातल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारली होती, आणि ती रास्त आहे. "असं सगळं सोयीचं करून घेतलं तर तपाला अर्थ काय उरला? विनोबांनी तर अन्न, पाणी, औषध सगळं सोडून देह ठेवला." खरं आहे. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. पण आयुष्याचं काम संपलं असं शांतपणे ओळखून, कुणाचंही भय न धरता, पूर्ण जागेपणी केलेला तो निरोप होता. नातवंडांचं करायचं आहे, शेतात जायचं आहे, अजून जगायचं आहे अशा बाईने भीतीपोटी गोळी टाळणं आणि तो निरोप एका पंक्तीत बसत नाहीत.

आणि उपासाची किंमत मी मुळीच कमी करत नाही. दुपारी पोटात कालवतं, हात सवयीने डब्याकडे जातो आणि आपण तो मागे घेतो, त्या क्षणी स्वतःवरची पकड कळते. रिकाम्या पोटी हरिपाठ वेगळा लागतो. ज्याला रोजच अर्धपोटी राहावं लागतं त्याची आठवण त्या दिवशी पुस्तकी राहत नाही. धडधाकट माणसाने एकादशी जरूर करावी. फक्त ती प्रेमाने करावी, धाकाने नाही.

देह हे साधन आहे, म्हणून सांभाळा, असं पुष्कळदा सांगतात. मला ते अपुरं वाटतं. साधन निकामी झालं की माणूस ते टाकतो. मी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठी पुसल्या, दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली, शय्याव्रणं धुतली. त्या देहांनी आता कोणतीच साधना होणार नव्हती, तरी त्यांची सेवा करणं योग्यच होतं, कारण त्यांना दुखत होतं. वारकऱ्याला भूतदया शिकवायला लागत नाही. मुंगीवर पाय पडू नये म्हणून तो जपतो, दारच्या कुत्र्याला भाकर घालतो. माझं म्हणणं एवढंच, की त्या जीवमात्रांत आपणही आहोत. आपल्यालाही भूक लागते, आपलेही गुडघे दुखतात, आपल्यालाही रात्री झोप हवी असते. दुसऱ्याच्या दुखण्यावर जी दया येते तीच स्वतःच्या दुखण्यावर यावी. यात लाड नाहीत आणि स्वार्थही नाही. दयेच्या बाहेर एक जीव ठेवला तर ती दया तेवढी अपुरीच.

मनालाही हेच लागू आहे. सुनेशी तोडून बोललो म्हणून आठवडाभर स्वतःला बोल लावत बसणाऱ्या, एक पारायण चुकलं म्हणून अन्न गोड न लागणाऱ्या बायांना मी सांगते, तुमच्या मैत्रिणीकडून हे झालं असतं तर तिला काय म्हणाला असता? तेच स्वतःला म्हणा. मग सुनेजवळ जाऊन बोला.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सगळ्यांच्या पारण्याचा स्वयंपाक करते ती घरातली बाई, जिने आदल्या दिवशी सगळ्यांइतकाच किंवा सगळ्यांपेक्षा कडक उपास केलेला असतो. बारस सोडताना ती सर्वांना वाढून शेवटी बसते. माझ्या घरी आम्ही हा क्रम बदलला आहे. देवाला नैवेद्य दाखवला की पहिलं पान जिने स्वयंपाक केला तिचं, आणि तिला दुसऱ्याने वाढायचं. तुमच्याही घरी येत्या बारशीला हे करा. ती नको म्हणेल. तरी आग्रहाने बसवा.