मुलाच्या चित्राचे प्रयोजन

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली. मराठी किंवा संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्यांनी ती कधी ना कधी पाठ केलेली असतात: कीर्ती, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभाचे निवारण, तत्काळ लाभणारा परमानंद आणि प्रियेने करावा तसा गोड उपदेश. चौथ्या प्रयोजनासाठी मम्मट मयूर कवीचा दाखला देतो. सूर्याचे स्तोत्र रचल्याने मयूराचा कुष्ठरोग गेला, अशी आख्यायिका आहे. म्हणजे कलेने दुखणे हटते हा विचार आपल्याकडे जुनाच. तरीही मम्मटाने सहांमध्ये शिरोमणी ठरवले ते पाचवे, तत्काळ आनंदाचे प्रयोजन. रोग बरा होणे ही व्यवहारात आनंदापेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट. मग तिला खालचा पाट का? लहान मुलांच्या ‘आर्ट थेरपी’विषयी आज जे बोलले जाते ते ऐकताना हा प्रश्न नव्याने विचारावासा वाटतो. चित्र काढल्याने मुलाची भीती ओसरते, लक्ष टिकते, बोटांना वळण लागते, जे बोलता येत नाही ते बाहेर पडते, अशी लाभांची यादी पालकांपुढे ठेवली जाते. यादी खोटी नाही. पण लाभ हेच चित्राचे समर्थन असेल, तर ज्या चित्रातून लाभ झाला नाही ते वाया गेले असे म्हणावे लागेल, आणि तसे म्हणायला जीभ रेटत नाही. माझे म्हणणे असे की कलोपचाराने मुलाला होणारा मुख्य लाभ चित्र चालू असतानाच पुरा होतो. पुढची फळे आलीच तर त्याच्या मागून येतात, आणि त्या फळांवर नजर ठेवून मुलाला कागदापुढे बसवले तर मुख्य लाभच हातचा जातो.

हे पडताळायचे तर पुढच्या फळाची वाटच जिथे बंद होती असे उदाहरण घ्यावे लागते. इतिहासात ते आहे. प्रागच्या उत्तरेला तेरेझीन हे तटबंदीचे जुने गाव. १९४१ च्या अखेरीस नाझींनी तिथे ज्यूंना कोंडायला सुरुवात केली. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही व्हिएन्नात १८९८ साली जन्मलेली चित्रकार डिसेंबर १९४२ मध्ये नवऱ्यासह तिथे पाठवली गेली. वायमारच्या बाउहाउसमध्ये योहानेस इटेनच्या हाताखाली ती शिकली होती. कैद्याला माणशी पन्नास किलो सामान नेता येई. तिने त्यात रंग आणि कागद भरून घेतले. मुलांना आईबापांपासून वेगळे, वसतिगृहांत ठेवले जाई. शाळा भरवायला बंदी होती, चित्रकला आणि गाणे मात्र चालवून घेतले जाई. त्या फटीतून फ्रीडलने वर्ग सुरू केले. आणलेला कागद संपल्यावर कचेरीतले पाठकोरे फॉर्म, वेष्टनाचे कागद, जे मिळेल ते वापरले. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिची आउशवित्झला रवानगी झाली आणि तिथे तिला मारण्यात आले. मागे राहिल्या चित्रांनी भरलेल्या दोन सुटकेस. युद्धानंतर त्या प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचत्या झाल्या. त्यांत सुमारे साडेचार हजार चित्रे होती आणि आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुले मारली गेली.

आजच्या प्रकल्प-अहवालांच्या भाषेत या वर्गांचे मूल्यमापन करून पाहावे. मुलांची पुढची वाढ? वाढ व्हायला आयुष्यच उरले नाही. आघातातून सावरणे? आघात संपलाच नव्हता, आणि पुढचा याहून भयंकर होता. शाळेतली प्रगती, समाजात मिसळणे, सगळे रकाने कोरे. फळावरून कर्माची किंमत करायची तर हे वर्ग शून्य ठरतात. ते शून्य होते असे ज्याला वाटत असेल त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण ज्याला तसे वाटत नाही (आणि बहुतेकांना वाटत नाही) त्याने आपल्या या जाणिवेचा आधार सांगितला पाहिजे. केवळ करुणेने तो सांगता येणार नाही, कारण करुणा आपली असते आणि लाभ त्या मुलांचा होता असे आपण म्हणत असतो.

आधार सापडतो तो वर्गात प्रत्यक्ष काय चाले यात. फ्रीडल मुलांना लयीत रेघा ओढायला लावी, समोरच्या साध्या वस्तू निरखायला लावी, रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून रचना करायला सांगे. सगळ्यांना चित्रकार करायचे नाही, त्यांच्यातली निर्मितीची शक्ती मोकळी व्हावी आणि निरखण्याची सवय लागावी, अशी तिची भूमिका होती. १९४३ साली तिथल्याच शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानात तिने ती मांडली. तेरेझीनमध्ये प्रत्येक कैद्याला वाहतुकीचा क्रमांक असे. चित्रांच्या कोपऱ्यांत मात्र मुलांची नावे आहेत. मूल कधी उठणार, काय खाणार, कोणत्या फळीवर झोपणार, कोणत्या गाडीत चढणार हे सगळे दुसरे कोणीतरी ठरवत होते. कागदावर रेघ कुठे वळवायची आणि घराला खिडक्या किती हे मूल ठरवत होते. तेवढ्या वेळापुरते ते कर्ता होते. हे कर्तेपण पुढच्या कशाचे साधन नव्हते. गाडी दुसऱ्या दिवशी सुटली म्हणून आदल्या दिवशीचे कर्तेपण खोटे ठरत नाही.

आता मम्मटाचा क्रम उलगडतो. तत्काळ आनंदाला दुसऱ्या कशाची साक्ष लागत नाही. बाकीची प्रयोजने भविष्यकाळाकडे हात पसरून उभी असतात. काव्यातला हा आनंद प्रामुख्याने रसिकाचा असतो असा आक्षेप कोणी घेईल. पण लहान मुलाच्या बाबतीत कर्ता आणि रसिक एकच असतात. दोन-तीन वर्षांचे मूल खडूने गोल गोल गिरगटते, तल्लीन होते आणि संपले की कागद तिथेच टाकून जाते. तो उचलून जपते ती आई. रोडा केलॉग या अमेरिकी शिक्षिकेने मुलांची लाखो चित्रे गोळा करून दाखवले की या गिरगोट्यांमधून वर्तुळ, फुली, किरणांचे सूर्य असे आकार ठरावीक क्रमाने उमलत जातात. कोणी शिकवलेले नसते, मुलाने ठरवलेले नसते.

पण हा आनंद कुठून येतो, या प्रश्नापाशी जरा अडते. ब्रह्मसूत्रांत असाच एक पेच आहे. ब्रह्माला काहीच कमी नाही, मग त्याने सृष्टी करावी कशाला? प्रयोजन सांगावे तर ब्रह्म अपूर्ण ठरते, प्रयोजन नाही म्हणावे तर सृष्टी वेड्याची ठरते. उत्तर दिले आहे लीलेचे. शंकराचार्यांनी भाष्यात त्याला दाखला दिला तो सर्व इच्छा पुरलेल्या राजाचा, जो काही मिळवायचे म्हणून खेळत नाही. मुलांच्या खेळाविषयी आणि चित्रांविषयी बोलताना आपले लोक लीला हा शब्द सहज वापरतात, पण तेरेझीनच्या मुलीला तो लावताना संकोच वाटायला हवा. तिला तर सगळेच कमी होते. तिचे चित्र तृप्तीतून आलेले नाही. सुदैवाने आचार्यांनी त्याच जागी दुसराही दाखला दिला आहे, श्वासोच्छ्वासाचा: बाहेरचे कोणतेही प्रयोजन मनात न धरता तो स्वभावानेच चालतो. माझ्या मते मुलाच्या चित्राला हा दुसरा दाखलाच लागू पडतो. श्वास गरज आहे, त्याच्यावाचून जीव जातो, तरीही जगण्याचा हेतू धरून कोणी श्वास घेत नाही. गरज आणि निष्प्रयोजनता एकाच क्रियेत नांदू शकतात. ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ अशी फडके-खांडेकरांच्या नावाने आपल्याकडे जी जोडी लावली गेली तिच्यात ही शक्यता फारशी ध्यानात घेतली गेली नाही. पण तो वाद मोठ्यांच्या कादंबऱ्यांचा होता.

यावरचा सर्वांत टोकदार आक्षेप नीतीचा आहे. छावणीत मुलांना फुले, कुरणे आणि फुलपाखरे काढायला देणे ही गुंगी नव्हे काय? कला अत्याचार सुसह्य करत असेल तर ती अत्याचाऱ्याच्या सोयीची. आक्षेपाला पुरावाही आहे. २३ जून १९४४ रोजी रेडक्रॉसचे प्रतिनिधी तेरेझीन पाहायला आले तेव्हा गाव रंगवून सजवले होते आणि हान्स क्रासाचा मुलांचा ऑपेरा ‘ब्रुंडिबार’ पाहुण्यांसाठी सादर करण्यात आला. मुलांची कला खोटेपणाच्या पडद्याला लावली गेली, हे नाकारता येत नाही. पण तो दोष कला वापरणाऱ्याच्या हेतूचा आहे. फळासाठी कला राबवली की काय होते त्याचे ते सर्वांत हिडीस रूप म्हणायला हरकत नाही. गुंगीच्या आरोपाला बेद्रिख फ्रिटा या चित्रकाराचे उदाहरण उत्तर देते. तेरेझीनच्या आराखडा कचेरीत काम करता करता तो चोरून तिथले खरे चित्र रेखाटत होता: गर्दी, भूक, प्रेतांच्या गाड्या. त्यापायी त्याला अटक झाली आणि आउशवित्झमध्ये तो मेला. याच माणसाने मुलगा टॉमी तीन वर्षांचा होताना, जानेवारी १९४४ मध्ये, त्याच्यासाठी चित्रांचे पुस्तक केले, आणि त्यात तटाबाहेरचे जग, प्रवास, खाऊ, पुढे टॉमी कोण कोण होऊ शकेल ते काढले. सत्य काय आहे हे फ्रिटाइतके कोणाला ठाऊक होते? तरी तीन वर्षांच्या मुलाला त्याने सत्याचा पंचनामा दिला नाही. जे जग त्याच्यापासून हिरावले होते ते त्याचेही आहे, एवढे सांगितले.

इथे मानसशास्त्रातला एक निष्कर्षही आड येत नाही, उलट साथ देतो. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांनी मुलांना आधी मन खट्टू करणारा एखादा प्रसंग आठवायला सांगितला आणि मग चित्र काढायला दिले. काहींनी तोच प्रसंग काढला, काहींनी भलतेच काहीतरी. भलतेच काढणाऱ्यांची मनःस्थिती अधिक सुधारली. दुःख कागदावर ओतले की हलके वाटते हा लोकप्रिय समज निदान थोड्या वेळापुरत्या मनःस्थितीविषयी तरी टिकत नाही. म्हणून ‘तुला काय त्रास होतो ते काढून दाखव’ असा आग्रह धरणाऱ्या मोठ्यांनी जरा थांबावे. मूल बागेचे चित्र काढत असेल तर ते टाळाटाळ करते आहे असे समजण्याची घाई का?

दुसरा आक्षेप व्यावसायिकांचा. पुढच्या फळाला दुय्यम म्हटले तर मग प्रशिक्षित उपचारक कशाला, कोणतीही मावशी खडू वाटेल. आक्षेप रास्त आहे, कारण अबोल झालेल्या, मार खाल्लेल्या, रुग्णालयात महिनोन्‌महिने पडून असलेल्या मुलाला उपचार हवाच असतो, आणि तो हवा तर बरे होण्याची आशाही धरावीच लागते. ‘आर्ट थेरपी’ हा शब्दच १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने क्षयाच्या आरोग्यधामातून दिला. पण या क्षेत्राचा इतिहास याहून बारीक धडा देतो. फ्रीडलची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर १९३८ साली अमेरिकेत पोचली, न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेत बिथरलेल्या मुलांबरोबर तिने काम केले आणि १९५८ साली त्यावर पुस्तक लिहिले. मार्गारेट नाउमबर्ग चित्राकडे अबोध मनाची भाषा म्हणून पाहत होती, ते वाचून उपचार करायचा अशी तिची दिशा. क्रेमरचा भर वेगळा होता: चित्र चांगले घडणे, त्याला रूप येणे, हाच उपचार. उपचारकाचे कौशल्य मुलाला रूपापर्यंत पोचायला लागेल तेवढीच मदत करण्यात. मला क्रेमरची बाजू पटते, आणि त्याचे कारण तात्त्विक आहे. चित्र वाचायचे म्हटले की मूल पुन्हा दुसऱ्याच्या तपासणीचा विषय होते. काळा रंग जास्त वापरला म्हणजे नैराश्य, घराला दार नाही म्हणजे असुरक्षितता, असले ठोकताळे तर कुंडलीच्या जवळ जातात. मुलाच्या हाताशी काळा खडूच उरला असेल, हे शक्य असते. आशा उपचारकाने धरावी, नोंदी त्याने ठेवाव्यात. तिचा भार मुलाच्या कागदावर पडू नये. गीतेत फळाची आसक्ती सोडायला सांगितली आहे, फळ नाकारायला नव्हे. ही शिस्त मोठ्यांना जन्मभर साधावी लागते. चित्र काढणाऱ्या चार वर्षांच्या मुलाकडे ती आयतीच असते, आपण बिघडवली नाही तर.

बिघडवण्याची सोय आपण चोख केली आहे. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आहेत आणि त्यांतल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. परीक्षेला विरोध नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कसब मोजून घ्यायचे असेल तर घ्यावे. पण तीच वृत्ती खाली उतरत बालवाडीपर्यंत येते. गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धेत पाच वर्षांखालचा गट असतो आणि पालक बाजूला उभे राहून ‘आकाश रिकामं ठेवू नको’ म्हणत असतात. उद्या बालवाडीत कलोपचार आला तर तोही ‘भावनिक बुद्धिमत्ता वाढवण्याचा तास’ म्हणून येईल आणि वर्षअखेरीस प्रत्येक मुलाची किती वाढली याचा तक्ता मागितला जाईल. पैसे देणाऱ्या संस्थेला हिशेब हवा असतो आणि तो मागणे गैर नाही. हिशेब ठेवण्याजोग्या गोष्टी आहेतच: कागद सगळ्यांना पुरला का, ठरलेला तास खरोखर झाला का की गॅदरिंगच्या तालमीत गेला, चित्रावर नाव मुलाला विचारून आणि त्याला हवे तिथे लिहिले का, आणि बाईंनी कोणाच्या हातातला खडू घेऊन सूर्य ‘नीट’ काढून दाखवला का.