काम राहतं कुठे?

एका खोलीत जुन्या मराठी पुस्तकांची पानं संगणकात उतरवण्याचं काम चालत असे. स्कॅन केलेल्या पानांवर अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट चालवायचं, निघालेला मजकूर वाचायचा, आणि यंत्राने ‘ळ’चा ‘ल’ केला असेल किंवा अनुस्वार गिळला असेल तर तो दुरुस्त करायचा. खोलीत एक ताई होत्या आणि नुकताच आलेला एक मुलगा. दोघंही ईमॅक्स या एडिटरमध्ये काम करत.

एक दिवस मुलाला ईमॅक्सच्या आतच आज्ञा चालवणारं ईशेल सापडलं. ईमॅक्सची मुळं १९७६ सालच्या एमआयटीत आहेत. ईशेल त्या मानाने धाकटं, २००१ साली एकविसाव्या आवृत्तीबरोबर आलेलं. जॉन विग्ली यांनी ते ईमॅक्सच्याच लिस्पमध्ये लिहिलं, त्यामुळे त्याला बॅशसारख्या बाहेरच्या शेलची गरजच नाही. विंडोजवरसुद्धा ते तसंच चालतं.

मुलगा हरखून गेला. ग्रेपने चुकीचा शब्द शोधला, तर सापडलेल्या ओळींची यादी वेगळ्या बफरमध्ये यायची आणि एंटर दाबलं की थेट त्या फाइलीतल्या त्या ओळीवर जाता यायचं. एखाद्या आज्ञेचं उत्तर फाइलीऐवजी उघड्या बफरमध्ये सोडता यायचं. सगळ्यांत नवल म्हणजे दूरच्या सर्व्हरचं. सीडी आज्ञेपुढे एसएसएचचा पत्ता लिहिला की ईशेल तिकडच्या फोल्डरमध्ये जाऊन बसायचं. मग तिकडची फाइल इकडे आणायला साधी सीपी पुरायची. हा आनंद खराच होता. ज्याचा दिवस मजकुरातच जातो त्याला अशी सोय लाभणं ही मोठी गोष्ट आहे. पण मुलाने त्याचं व्रत करून टाकलं. “आता ईमॅक्सच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही,” असं म्हणून त्याने टर्मिनलचं चिन्हसुद्धा पडद्यावरून काढून टाकलं.

काही दिवसांनी एका जाड कोशाची पानं सर्व्हरवर आली. टेसरॅक्टला ती उतरवायला रात्र लागणार होती. मुलाने बॅशमधलं जुनं लूप ईशेलमध्ये चिकटवलं, ते चाललं नाही. ईशेलचं व्याकरण वेगळं, त्याला महिरपी कंस हवेत. त्याने लूप नव्याने लिहिलं आणि दुपारी काम सुरू केलं. संध्याकाळी ताईंनी आणखी एक काम सांगितलं: आतापर्यंतच्या सगळ्या मजकुरात कोणता शब्द किती वेळा येतो त्याची यादी. मुलाने दुसरं ईशेल उघडलं आणि सगळ्या फाइली पाइपांतून सॉर्ट आणि युनिक या आज्ञांकडे सोडल्या.

पाइपातून वाहणारी प्रत्येक ओळ ईमॅक्सच्या हातून जात होती. बॅशमध्ये दोन आज्ञांच्या मधली ने-आण ऑपरेटिंग सिस्टिम करते, ईशेलमध्ये ती लिस्पला करावी लागते. आधी कर्सर अडखळला, मग पडदा थिजला, मग कळफलकाला उत्तर येईना. शेवटी मुलाला ईमॅक्सच बंद पाडावं लागलं. त्याच्या पोटात चालू असलेलं कोशाचं कामही त्याच्याबरोबर गेलं.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, “अरे, हे काम राहतं कुठे?”

“ईमॅक्समध्ये.”

“तू राहतोस ईमॅक्समध्ये. मी कामाचं विचारतेय. शब्द शोधून ओळ सुधारायची आहे, तर काम मजकुरात सुरू होतं आणि मजकुरातच संपतं. त्याला ईशेलसारखं दुसरं काही नाही. पण रात्रभर चालायचं काम? त्याला तुझा एडिटर उघडा आहे की बंद, याच्याशी काय देणंघेणं? चिमूटभर जिरं घरच्या खलबत्त्यात कुटावं, गव्हाचं पोतं गिरणीतच न्यावं.”

“पण सारखं आत-बाहेर करायचं म्हणजे लक्ष तुटतं ना, ताई.”

“तुटतं, खरंय. म्हणून तर छोट्या कामांना बाहेर जाऊ नये. पण आत राहायचं म्हणून मोठ्या कामाला आत कोंबलंस, तर दोन्ही अडतात. ईशेल ज्यांच्या हातचं आहे, त्यांनीसुद्धा हे मान्य केलंय. २०२३ साली आलेल्या एकोणतिसाव्या आवृत्तीत पाइपाच्या खुणेआधी चांदणी लावायची सोय दिली आहे. ती लावली की अख्खी पाइपलाइन बाहेरच्या शेलकडे जाते. बनवणाऱ्यांनीच दार ठेवलंय, तू ते बंद करून का बसलास?”

मग त्या दोघांनी मिळून कामं लावली. टॉपसारख्या पूर्ण पडदा मागणाऱ्या आज्ञा ईशेल स्वतःच वेगळ्या टर्मिनल बफरमध्ये उघडतं, हे मुलाला माहीत होतं. ताईंनी तेही खऱ्या टर्मिनलमध्ये पाहायची सवय लावायला सांगितली. मला ताईंचा हा आग्रह थोडा जास्त वाटतो; दोन क्षण टॉप बघायला बाहेर कशाला जायचं? पण सर्व्हरवरच्या रात्रभराच्या कामाबद्दल त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. मुलाने टर्मिनलमधून सर्व्हर गाठला, तिथे आपण निघून गेल्यावरही काम चालू ठेवणारं टीमक्स उघडलं, त्यात बॅशमधलं जुनं लूप जसंच्या तसं चिकटवलं आणि टीमक्स तसंच चालतं ठेवून तो बाहेर पडला.

सकाळी त्याने ईमॅक्स उघडलं. ईशेलमधून सीडी करून सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये गेला, रात्री तयार झालेल्या फाइली तिथूनच एकेक उघडल्या आणि ‘कमल’ झालेली ‘कमळं’ ग्रेपने शोधून सुधारायला लागला.

“शब्दांची यादी?” ताईंनी विचारलं.

“बाहेर बॅशमध्ये केली, ताई. फाइल इथे उघडली आहे. पहिल्या पानावर ‘आणि’च्या दोन नोंदी दिसतात, एकीत ‘णि’ ऱ्हस्व आहे, दुसरीत दीर्घ. मूळ पुस्तकात काय आहे ते बघायचं का?”

ताईंनी चष्मा लावला आणि स्कॅनचं पान पुढे ओढलं.