भरलेले आणि ओसंडणारे



मुलांच्या इंग्रजी पुस्तकात 'अबन्डन्स' हा शब्द येतो. आपण त्याचा अर्थ विपुलता, सुबत्ता असा सांगतो. घर भरलेले, कोठार भरलेले, म्हणजे विपुलता, असे आपल्याला वाटते. पण शब्दाचे मूळ वेगळेच सांगते. लॅटिन भाषेत 'उंदा' म्हणजे लाट आणि 'अबुंदारे' म्हणजे काठावरून ओसंडून वाहणे. त्यावरून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे नुसते भरलेले असणे ही विपुलता नव्हे. काठ ओलांडून दुसऱ्यापर्यंत पोहोचते ती विपुलता.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर पाहा. उल्कापाताने झालेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. पाणी आत येते. बाहेर जाण्यास वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. म्हणून एवढे पाणी असूनही ते पिण्याच्या कामाचे नाही. त्याच विवराच्या काठावर गोमुखाची धार आहे. ती लहानशी, पण गोड आणि बारमाही. तहानलेला माणूस सरोवराकडे जात नाही, धारेकडे जातो. आणि विचार करा, असे गोड पाणीही खाली जाऊन साठले की खारट होते. दोष पाण्याचा नाही, अडून राहण्याचा आहे.

"फादर, सोयाबीनला भाव नाही, कपाशीचा खर्च निघत नाही. आमच्याकडे ओसंडायला आहे काय?" असे कुणी विचारील. प्रश्न खरा आहे. बियाण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी शिल्लक ठेवणे हे पाप नव्हे. योसेफानेही मिसर देशात सात वर्षे धान्य साठवले. पण दुष्काळ पडताच कोठारे उघडली. लूकच्या शुभवर्तमानातील धनवानानेही कोठारे बांधायचे ठरवले. मात्र त्याच्या साऱ्या बेतात त्याच्याखेरीज दुसरा माणूसच नव्हता. फरक साठ्याचा नाही, दाराचा आहे.

सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ होते. पाच भाकरी व दोन मासे आणणारा तर एक मुलगा होता. ते अन्न प्रभूच्या हाती आले, सर्व जेवले आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या. काही वाया जाऊ नये, असेही प्रभूने सांगितले. येशू ज्या विपुल जीवनाचे वचन देतो, ते असे आहे: आधी हातातून सुटते, मग उरते.

या आठवड्यात आपण स्वतःला एवढेच विचारू या: देवाने दिलेले माझ्या घरातून कुणाकडे वाहते? शेजारच्या आजारी माणसाला दिलेला एक तास, हातउसने दिलेले थोडे बियाणे, रुसलेल्या भावाशी बोललेला एक शब्द, हीसुद्धा धारच आहे. ती बारीक असली तरी चालेल. आटू देऊ नका.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.