त्रेपन्न महिन्यांची राखण

ॲरिस्टॉटलने ऑक्टोपसची मादी नीट पाहिली होती. अंडी घातल्यावर ती त्यांच्यापाशी बसून राहते, भक्ष्याच्या मागे जात नाही आणि म्हणून खंगते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही त्यात फारशी दुरुस्ती करावी लागत नाही. याच माणसाने कालवं मात्र चिखलातून आपोआप उपजतात असं ठरवून टाकलं. त्याला हसण्याचं कारण नाही. ऐतरेय उपनिषदातही अंडज, जरायुज, उद्भिज्ज यांच्या पंक्तीला स्वेदज, म्हणजे घामातून उपजणारे, आहेतच. ऑक्टोपसची अंडी कपारीत लटकलेली दिसतात. कालवाचं अंडं मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढं. ते पाण्यात सुटलं तरी पाणी जरा गढूळ झालं इतकंच कळणार.

पण त्या गढूळपणात काय काय घडतं! मादी एका वेळी लाखो, कधी कोट्यवधी अंडी सोडते, नर शुक्राणू सोडतो, आणि दोघांची गाठ पडते ती उघड्या समुद्रात. आईबाप जागचे हलतही नाहीत. दिवसभरात गर्भाला पोहण्यापुरते केस फुटतात, मग इवलासा शिंपला येतो. दोन-तीन आठवडे लाटांवर वाहत जायचं, माशांच्या तोंडातून वाचायचं, आणि खडक सापडला की त्याला कायमचं चिकटायचं. कोकणात ओहोटीच्या वेळी बायका खडकावरून जी कालवं काढतात, त्यातलं प्रत्येक या प्रवासातून वाचलेलं असतं. पुष्कळ कालवं आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि पुढे मादी होतात. म्हणजे इथे आई आणि बाप ही एकाच जिवाची दोन वयं असू शकतात.

उत्तर अटलांटिकमधली बकिनम ही समुद्री गोगलगाय वेगळा हिशेब मांडते. ती अंडी पाण्यावर सोडून देत नाही. चिवट कुप्यांत भरते आणि कुप्यांचा गठ्ठा दगडाला चिकटवते. रिकामे गठ्ठे किनाऱ्याला लागतात. पूर्वीचे खलाशी म्हणे त्यांनी हात घासून धूत. एकेका कुपीत शेकड्यांनी अंडी असतात, पण बाहेर पडणारी पिल्लं मूठभरच. बाकीची अंडी वाढतच नाहीत, ती वाढणाऱ्यांच्या पोटात जातात. आईने बांधून दिलेली ही शिदोरी. तिला भावंडं म्हणायचं की नुसतं अन्न, हा प्रश्न आपल्याला पडतो, पिल्लाला नाही. ते स्वतःचा शंख पाठीवर घेऊन सरपटत बाहेर येतं. आपल्या देवघरातला शंख ज्याचा, त्या मन्नारच्या आखातातल्या प्राण्याची पिल्लंही अशीच कुपीतून थेट सरपटत निघतात. तरंगण्याचं बालपण त्यांना नाही.

आणि मग ती मादी. कॅलिफोर्नियाजवळ मॉन्टेरेच्या सागरी दरीत, सुमारे 1,400 मीटर खोल, एप्रिल 2007 मध्ये ब्रूस रॉबिसन यांच्या चमूला यंत्रपाणबुडीच्या कॅमेऱ्यात एक ऑक्टोपस कड्याकडे जाताना दिसली. पुढच्या फेरीला ती कड्यावर अंडी कवेत घेऊन बसलेली होती. अंगावरच्या व्रणांमुळे ती ओळखू यायची. संशोधक वरचेवर जात राहिले, ती तिथेच. जवळून खेकडे गेले तरी तिने हात घातला नाही. यंत्राच्या हाताने खेकड्याचे तुकडे पुढे केले, तेही नाकारले. कातडी फिकी आणि सैल पडत गेली, डोळे धुरकट झाले, अंडी मात्र मोठी होत गेली. सप्टेंबर 2011 मध्ये ती शेवटची दिसली. ऑक्टोबरमध्ये कड्यावर फक्त फाटकी टरफलं होती. एकूण 53 महिने. उथळ पाण्यातल्या ऑक्टोपसचं हेच काम बहुधा एक ते तीन महिन्यांत उरकतं. खोलवर पाणी जेमतेम तीन अंशांचं. तिथे गर्भ अतिशय सावकाश वाढतो, आणि पिल्लू बाहेर येतं ते लगेच शिकार करण्याइतकं तयार होऊन.

हे वाचून ‘आईचा त्याग’ असं म्हणण्याचा मोह होतोच. मात्र 1977 साली जेरोम वोडिन्स्की यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या मोहाच्या आड येतो. अंडी राखत बसलेल्या कॅरिबियन ऑक्टोपस माद्यांच्या डोळ्यांमागच्या दोन बारीक ग्रंथी त्यांनी काढून टाकल्या. माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला लागल्या, त्यांचं वजन वाढलं आणि त्या जास्त जगल्या. उपासाचा आणि मरणाचा हुकूम त्या ग्रंथींतून सुटत होता.

यामुळे ती 53 महिन्यांची राखण मला कमी थोर वाटत नाही. तिला त्याग म्हणायला मात्र मी तयार नाही. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर हिरकणी सकाळपर्यंत थांबू शकली असती; कथेचं सगळं बळ त्या ‘शकली असती’मध्ये आहे. मॉन्टेरेच्या कड्यावरच्या मादीला तशी मोकळीक नव्हती, आणि कोट्यवधी अंडी सोडून जागीच राहणाऱ्या कालवालाही नाही. तेव्हा एकीला माउली आणि दुसरीला निष्ठुर म्हणणं, दोन्ही चूक.